गोडं पाणी न मागणारं पीक

नसीम मॅडम कुठल्याही पाण्याला आधी जीभ लावायच्या. लग्नाच्या मांडवातलं पाणी असो, एस. टी. स्टँडवरच्या पाणपोईचं असो, नाहीतर सहलीत वाटेवर दिसलेली कुणाची विहीर असो, त्या करंगळी बुडवायच्या, जिभेला टेकवायच्या आणि डोळे बारीक करून क्षणभर थांबायच्या. मग निकाल. "जड हाय." "चुनखडीतलं दिसतंय." "हे बरंय, प्या." माझं सगळं आयुष्य रसायनशास्त्र शिकवण्यात गेलं, त्यामुळे हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या अंगावर काटाच आला. प्रयोगशाळेतलं काहीही तोंडात घालायचं नाही, हे आम्ही मुलांना पहिल्याच दिवशी बजावतो. तसं मी त्यांना म्हटलं, तर म्हणाल्या, "वंदना, तुझ्या बाटलीतलं नाय चाखत मी. पण पाण्याला नुस्तं बघून काय कळतं गं? चाखल्याबिगर नावं पण ठेवायची नाय अन् कौतुक पण करायचं नाय."

मॅडम आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. मूळच्या सोयगावच्या, उन्हाळाभर टँकरची वाट बघणाऱ्या गावच्या; तिथल्या बाजारात वडिलांचं कापडाचं छोटं दुकान होतं. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची बहुतेकांची हिंमत झाली नाही आणि ज्यांची झाली त्यांना "माझं जमलंय की, समुद्राशी!" असं उत्तर मिळालं. त्यांच्या संशोधनाचा विषय होता समुद्रातलं शेवाळ. आता औरंगाबादेत बसून समुद्रातल्या शेवाळाचा अभ्यास करायचा म्हणजे स्टाफरूमला आयतंच खाद्य. "मॅडम, खाम नदीला भरती कधी आहे?" असं कुणी ना कुणी रोज विचारायचं. मॅडम पेपर तपासता तपासता मान वर न करता म्हणायच्या, "आली की सांगते. तेवढी तुमची स्कूटर काठावर लावू नका."

हा विषय त्यांच्या डोक्यात शिरला कसा, ते त्यांनीच मला सांगितलं होतं. कॉलेजात शिकत असताना त्यांची सहल रत्नागिरीला गेली होती. "सगळ्या पोरी लाटा बघत होत्या. ओहोटी लागली, खडक उघडे पडले अन् बघते तर काय, खडकावर हिरवंगार रान! कुणी नांगरलं नाय, कुणी खत घातलं नाय. अन् आपलं प्यायचं पाणी त्यानं थेंबभर मागितलं नाय. सोयगावच्या पोरीला अजून काय पायजे गं?"

तेव्हापासून त्यांनी एकच ध्यास घेतला. गंगापूर तालुक्यात, लासूर स्टेशनच्या पुढच्या काही गावांत विहिरींचं पाणी खारं आहे. ते पिकाला चालत नाही, माणसाच्या घशाखाली उतरत नाही, भांडी घासली तर पांढरे डाग पडतात. ज्या पाण्यावर काहीच येत नाही त्यावर शेवाळ का येऊ नये, असं मॅडमचं म्हणणं. जनावराला चारा होईल, माणसाच्या ताटात भाजी होईल, उरलंसुरलं शेतात खत म्हणून पडेल. शिवाय पाण्यात उतरलेलं रासायनिक खत ते शोषून घेतं, हा फायदा वेगळाच. "गोडं पाणी न मागणारं पीक" हे त्यांचं लाडकं वाक्य होतं. वर्गात त्यांनी "गोडं पाणी" एवढं म्हटलं की पुढचं वाक्य मुलंच पुरं करायची.

दिवाळीच्या सुट्टीत त्या रत्नागिरीला जाऊन बर्फाच्या पेटीतून उल्वा नावाचं शेवाळ आणायच्या. कांद्याचं पातळ साल हिरवं असतं तर कसं दिसलं असतं, तसं ते दिसतं. समुद्राचं पाणी आणि विहिरीचं खारं पाणी एकसारखं नसतं. विहिरीच्या पाण्यात पोटॅश फार कमी, त्यावाचून शेवाळ जगत नाही. म्हणून मी क्षार मोजून पाणी तयार करून द्यायची आणि मॅडम ते टबात थोडं थोडं बदलायच्या, म्हणजे शेवाळाला समुद्राची सवय सुटून विहिरीची लागावी. बहुतेक वेळा ते पांढरं पडून मरायचं. मॅडम पुन्हा रत्नागिरीला. असं करत करत कित्येक वर्षांनी एक वाण तगला. त्याचा एक भाग कॉलेजात बाटल्यांमध्ये ठेवला होता, तो एका उन्हाळ्यात लोडशेडिंगमुळे एसी बंद पडून गेला. उरला तो मॅडमच्या गच्चीवरचा टब. जिन्याच्या सावलीत, ओल्या गोणपाटाखाली, एवढ्या वर्षांची सगळी कमाई त्या एका टबात होती. निवृत्ती जवळ आली होती. मॅडम म्हणायच्या, "एकदा खऱ्या गावात, खऱ्या विहिरीच्या पाण्यात हे हिरवं दिसू दे. मंग माझं काय पण होऊ दे."

गच्ची होती शांताकाकूंची. औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत काकूंचं दुमजली घर. खाली काकू आणि त्यांचा मुलगा, वर एका खोलीत मॅडम आणि समोरच्या खोलीत मी. काकू जाडजूड, बोलायला फटकळ आणि मनानं एकदम लोणी. दर रमजानमध्ये मॅडम दूध आटवून चायना ग्रास करायच्या आणि त्याच्या थरथरत्या वड्यांची पहिली बशी खाली काकूंकडे जायची. काकूंना ती फार आवडायची. एकदा मॅडमनी सांगून टाकलं, की चायना ग्रास म्हणजे समुद्रातल्या शेवाळाचाच अर्क. काकूंचा घास तोंडातच राहिला. मग गिळून म्हणाल्या, "म्हंजी मी इतकी वर्षं शेवाळ खाते व्हय?"

"हौ. अन् परत मागून खाता."

त्यानंतर काकूंची भीड चेपली. मॅडमनी बाजरीच्या पिठात उल्वा मिसळून भाकरी केली, ती काकूंनी खाल्ली. भजी केली, तीही खाल्ली. एकादशी आली तेव्हा काकू वर येऊन गंभीरपणे म्हणाल्या, "मॅडम, हे तुमचं उपासाला चालंल का?" मॅडम हसायला लागल्या. "काकू, मला इचारता? बटाटा सातासमुद्रापलीकडनं आला तो चालतो, हे तर आपल्या रत्नागिरीचं!" काकूंनी यावर बराच वेळ विचार केला, आणि ज्याला कांदा-लसूण लागत नाही ते चालतं असा निर्णय देऊन भगरीत टाकलं. मी त्या दिवशी दोघींच्या मधे बसून भगर खाल्ली. खरं सांगायचं तर मला ती चव कधीच आवडली नाही, पण त्या दोघींची पंगत मला सोडवत नसे.

एकाच बाबतीत काकू मॅडमना दाद देत नव्हत्या. त्यांचं सासर लासूर स्टेशनच्या पुढचं, नेमकं खाऱ्या पाण्याचं गाव. शेताच्या बांधावर त्यांच्या घरची विहीर होती. मॅडमनी किती वेळा विनवलं, "एकदा दाखवा ना काकू." पण काकू एकदम तुटक व्हायच्या. "त्या हिरीचं नाव काढू नका. लगीन झाल्यापसून धाकटा साळंत जाईस्तोवर ते पाणी पेलंय मी. डाळ शिजायची नाय, च्या फाटायचा, डोक्यावरचे केस जटावानी व्हायचे. गाव सोडलं तवा म्हणलं, आता पाय ठेवायचा नाय." मॅडम मग तो विषय तिथंच सोडायच्या.

त्या वर्षी होळीच्या सुमारास सोयगावहून फोन आला. मॅडमची आई पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. मॅडम घाईघाईनं निघाल्या. मीही बहिणीच्या लग्नासाठी गावी गेले होते. जाताना मॅडमनी काकूंना सांगितलं, "टबाला फक्त हात लावू नका. गोणपाट तेवढं ओलं ठेवा." चार दिवसांत येते म्हणाल्या आणि आईचं ऑपरेशन होऊन ती जरा सावरेपर्यंत तीन आठवडे लागले.

नळाला तेव्हा पाच-सहा दिवसांआड पाणी यायचं. ज्या दिवशी यायचं त्या दिवशी गल्लीत सणासारखी धावपळ. काकू दोन ड्रम, चार हंडे भरून ठेवायच्या आणि त्यातला एकेक तांब्या जपून वापरायच्या. मॅडम नसताना काकू रोज गोणपाट ओलं करायला वर जायच्या. टबातलं पाणी उन्हानं खाली गेलेलं त्यांना दिसलं. त्यांनी बोट बुडवून चाखलं. मॅडमचीच सवय लागलेली, दुसरं काय! पाणी खारं लागलं, अगदी सासरच्या विहिरीसारखं. आणि काकू तशाच खाली हंड्यांकडे गेल्या.

आम्ही दोघी एकाच दिवशी परतलो. मॅडम पिशवी खाली न ठेवता आधी गच्चीवर गेल्या, मागोमाग मी. टब स्वच्छ घासलेला होता. त्यात नितळ पाणी होतं आणि तळाशी साबुदाण्याच्या खिरीसारखा पांढुरका लगदा. तेवढ्यात काकू धापा टाकत जिना चढून आल्या. चेहरा आनंदानं फुललेला.

"मॅडम, ते सगळं खारं पाणी काढून टाकलं मी. आपल्या वाटचे दोन हंडे घातले. म्हणलं, माझ्यावानी हे बी बिचारं खाऱ्यात दिवस काढतंय. एकदा तरी त्याला कळू दे गोडं पाणी काय असतं. जरा पांढरं दिसतंय, पण येईल ना आता टवटवीत?"

मी तोंड उघडणार होते. रागानं माझे कान तापले होते. मॅडमनी माझा दंड घट्ट धरला. मग काकूंकडे बघून, अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "उन्हानं गेलं काकू. यंदा ऊन लवकर तापलंय. तुम्ही पाणी दिलं म्हणून एवढं तरी टिकलं."

खोलीत आल्यावर मी भांडलेच. एवढी वर्षं पाण्यात गेली आणि तुम्ही त्यांचे आभार मानता? मॅडम खुर्चीत बसून होत्या, अजून पायात चपला. "नळाला सा दिवसांनी पाणी येतं वंदना. त्यातले दोन हंडे तिनं माझ्या शेवाळाला दिले. माझ्या सख्ख्या भावानं दिले नसते. तिला कुठल्या तोंडानं सांगू?" आणि मग त्या रडल्या. त्यांना रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. वाण गेला म्हणून रडत होत्या की काकूंच्या हंड्यांसाठी, ते मी विचारलं नाही. मलाही रडू येत होतं.

दिवाळीला मॅडम पुन्हा रत्नागिरीला गेल्या आणि नवं शेवाळ घेऊन आल्या. पहिल्यापासून सुरुवात. दुसऱ्याच दिवशी सकाळी जिन्यात पावलं वाजली. काकू कमरेवर हंडा घेऊन वर येत होत्या. "या बारीला पहिल्यापसूनच गोडं पाणी घालू. उन्हाळ्याच्या आत जोम धरंल."

मॅडम टबापुढे आडव्या आल्या. मला वाटलं, आता आणखी एखादी थाप मारतील. पण त्यांनी काकूंच्या कमरेवरचा हंडा आपल्या हातानं उतरवून खाली ठेवला आणि म्हणाल्या, "काकू, मागचं उन्हानं नाय मेलं. गोड्या पाण्यानं मेलं. मी खोटं बोलले."

काकूंनी पदराला ओले हात पुसले.

"अन् चूक तुमची नाय, माझी हाय. घर तुमचं, गच्ची तुमची. मी इतक्या पोरापोरींना शिकवलं, पण हे कशावर जगतं अन् कशानं मरतं, ते तुम्हाला बसवून कधी सांगितलं नाय. नुस्तं म्हणाले, हात लावू नका. माफ करा मला."

काकूंनी हंडा उचलला आणि खाली गेल्या. नंतरचे कितीतरी दिवस त्या वर आल्या नाहीत. खालून फोडणीचा वास यायचा, वाटी यायची नाही. जिन्यात गाठ पडली तर काकू पदर सावरून बाजूला व्हायच्या. मॅडम टबाचं काम करायच्या, पण त्यात जीव नव्हता. "वाण काय, परत करता येईल," मला म्हणाल्या. "पण काकूनं खोली सोडायला सांगितली तर मी कुठं जाऊ गं? खोली मिळंल. काकू कुठं मिळंल?" आपण सांगितलं ते चुकलं का, असं त्या मला दोन-तीनदा विचारत राहिल्या. सांगायला नको होतं असं मला आतून वाटत होतं. तोंडानं मात्र मी काहीतरी गुळमुळीत उत्तर द्यायची.

आणि एका रविवारी काकू वर आल्या. नवं लुगडं, हातात पिशवी. दारातच उभ्या राहून कडाडल्या, "मेलं तर मेलं म्हणायचं हुतं तवाच! शेवाळ मेल्याचा राग नाय मला. मला येडी समजून गोंजारलंस, त्याचा राग हाय. आगं नसीम, मी काय लहान लेकरू हाय व्हय?"

इतक्या वर्षांत काकूंनी त्यांना पहिल्यांदा नावानं हाक मारली होती, अगं-तुगं केलं होतं. मॅडम मान खाली घालून उभ्या होत्या.

"नाय काकू."

"मंग चल. चपला घाल. तुला हीर बघायची हाय ना?"

मीही, कुणी बोलावलं नसताना, त्यांच्याबरोबर निघाले. पॅसेंजरनं लासूर स्टेशन, तिथून जीप, पुढं शेतातून पायी. विहिरीच्या कडेला पांढरी खपली धरलेली. काकूंच्या दिरानं बादली सोडून पाणी काढून दिलं. मॅडमनी सवयीप्रमाणे करंगळी बुडवली, जिभेवर ठेवली. नेहमीसारखं डोळे बारीक करून त्या थांबल्या, पण निकाल काही आला नाही. मग त्यांनी ओंजळ भरली आणि घोट घेतला, आणि तो त्यांच्या घशाखाली उतरेना. काकूंकडे वळल्या तेव्हा त्यांचे डोळे वाहत होते.

"काकू, हे... हे तुम्ही पेलात? रोज?"

"पेले की. पोरांना बी हेच पाजलं."

"मी मुलांना शिकवते हे पाणी. पोटॅश किती अन् मीठ किती. आज कळलं मला." आणि त्यांनी काकूंना मिठी मारली. काकू आधी अवघडल्या, मग त्याही मॅडमच्या पाठीवर हात फिरवत उभ्या राहिल्या. "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. आता कुठं पिते मी?"

बांधाजवळ एक खड्डा खणला. मीठ जमिनीत मुरू नये म्हणून मॅडमनी आधी शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद अंथरायला लावला. पाण्यात पोटॅश किती घालायचं, ते मी मोजून द्यायची आणि काकू दर पंधरवड्याला घेऊन जायच्या. आता काकूंना सगळं पाठ होतं, कारण मॅडमनी त्यांना सगळं बसवून सांगितलं होतं, अगदी एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीला सांगावं तसं. वाण पुन्हा तगायला दोन हिवाळे गेले. त्यातलं बरंचसं मेलं, थोडं जगलं. फार मोठं काही झालं असं मी म्हणणार नाही. तळहातापेक्षा थोडी मोठी अशी हिरवी पानं त्या खड्ड्यात हलत होती आणि दिराची म्हैस ती आवडीनं खात होती, एवढंच. पण निवृत्त झालेल्या नसीम मॅडम खड्ड्याच्या काठावर मांडी घालून बसल्या होत्या आणि एवढ्या सुखानं गप्प बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या वर्षी त्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं आणि त्यानं फार दिवस घेतले नाहीत. एका सकाळी दवाखान्यात दाखल झाल्या. दुपारी त्या गेल्याचा त्यांच्या भाच्याचा फोन आला, आणि संध्याकाळी त्यांना सोयगावला नेऊन आदल्या वर्षी वारलेल्या आईशेजारी दफन केलं. काकू आणि मी जाऊन आलो. परत आल्यावर काकू आत गेल्या, अंघोळ केली आणि देवघराचा पडदा ओढून घेतला. दुसऱ्या दिवशी दिवा नाही, तिसऱ्या दिवशी नाही. कढईत फोडणी पडली नाही, गोड काही झालं नाही. शेजारी हळदीकुंकू होतं, काकू गेल्या नाहीत. लासूरच्या खड्ड्याला पोटॅश मात्र वेळेवर गेलं. ते चुकवून चालायचं नाही, असं मलाच बजावून त्यांनी मला पाठवलं.

शेवटी मुलगा वैतागला. मी तिथंच पायऱ्यांवर बसले होते. तो म्हणाला, "आई, सुतक पाळतेस का काय? त्या आपल्या जातीच्या ना धर्माच्या. भाडेकरू होत्या गं."

काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"तुझा बाप, तुझी आजी, सगळं घर त्या हिरीचं पाणी पेलं, अन् मला कुणी कधी इचारलं नाय कसं लागतं म्हणून. तिनं एक घोट घेतला अन् माझ्यासाठी रडली. तिचं सुतक मी नाय धरायचं तर कुणाचं धरायचं?"

मुलगा उठला. त्यानं देवघराचा सरकलेला पडदा नीट ओढून घेतला आणि आईजवळ बसून सुपातले खडे वेचायला लागला.